परदेशी गेलेल्या माणसाचे मन
(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



परदेशी गेलेल्या माणसाबद्दल आपण दोन प्रश्न हमखास विचारतो. पगार किती आणि सुट्टीवर येणार कधी? त्याचे मन तेथे रमते का, हा तिसरा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. विचारलाच, तर "सब खैरियत है" एवढ्या उत्तरावर आपले समाधान होते. आज मी या तिसऱ्या प्रश्नाविषयी चार शब्द बोलणार आहे. हा विषय दवाखान्याचा आहे, शाळेच्या व्यासपीठावर कशाला, असे कोणाला वाटेल. परंतु परदेशी जाणारा मुलगा विमानात बसण्यापूर्वी आपल्या बाकावर बसलेला असतो, आणि त्याच्या मनाची तयारी व्हायची तर ती येथेच व्हायला हवी.

सातारा आणि सांगली हे घर सोडणाऱ्यांचे जिल्हे आहेत. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाला लोक 'अपशिंगे मिलिटरी' म्हणतात, इतकी माणसे त्या गावाने पहिल्या महायुद्धापासून लष्कराला दिली. पाटण, जावळी, शिराळा या डोंगरी भागांतील माणसे मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत आणि बाजारपेठांत गेली. पाठीवर ओझी वाहणाऱ्या या माणसांना पाटण तालुक्याच्याच अण्णासाहेब पाटलांनी संघटित केले आणि 1969 साली माथाडी कायदा झाला. खानापूर-आटपाडीकडची मंडळी सोन्याचांदीच्या गलाईसाठी देशभर पसरली. पुढे 1973 साली तेलाचे भाव भडकले, आखाती देशांत पैशाचा ओघ सुरू झाला, रस्ते, बंदरे आणि इमारती यांची कामे निघाली. कोकणाप्रमाणेच घाटावरच्या आपल्या तरुणांनाही परदेशाची वाट दिसली. वेल्डर, प्लंबर, ड्रायव्हर, टेलर, एसी मेकॅनिक अशी कामे करणारे आपले भाऊ दुबई, मस्कत, दोहा, कुवेत, जेद्दा येथे गेले. त्यांच्या पैशाने घरावर स्लॅब पडला, बहिणींची लग्ने झाली, आणि आपल्यासारख्या संस्थांच्या इमारतींनाही हातभार लागला. हे ऋण आपण विसरता कामा नये.

मात्र आखातात जाणाऱ्याची स्थिती इतर स्थलांतरितांहून वेगळी असते. कॅनडा-अमेरिकेत गेलेला माणूस कालांतराने तेथला नागरिक होऊ शकतो. त्याची मुले तेथल्या शाळेत जातात. आखातातल्या कामगाराचा मुक्काम व्हिसावर अवलंबून असतो. ठराविक पगार असल्याशिवाय त्याला बायकामुले नेता येत नाहीत. वीस-वीस वर्षे राहूनही तो तेथला होत नाही, आणि दोन वर्षांनी महिनाभर येणारा माणूस येथल्या घरातही पाहुणाच ठरतो. मुलगा अब्बांना ओळखतो तो मोबाईलच्या पडद्यावर. अब्बा दारात उभे राहिले की तो अम्मीच्या मागे लपतो. वरवर ही हसण्यासारखी गोष्ट आहे, पण त्या बापाच्या मनाला काय वाटत असेल, याचा आपण विचार करावा.

तेथला दिवस कसा जातो? उन्हाळ्यात अंगाची लाही होते. एका खोलीत अनेकजण, एकावर एक खाटा. भाषा परकी. कित्येक ठिकाणी पासपोर्ट मालकाच्या कपाटात. येथे ज्याला लोक 'मिस्त्री' म्हणून मान देत, तो तेथे ओळखपत्रावरचा एक क्रमांक होतो. यात जायच्या आधी काढलेले कर्ज असले की पहिले वर्ष-दीड वर्ष त्याची कमाई स्वतःची नसतेच. घरी कोणी वारले तर जनाजाला खांदा द्यायलाही येता येत नाही. 2020 साली करोनाच्या काळात विमाने बंद झाली, तेव्हा हे दुःख किती घरांनी भोगले ते आपण सर्वांनी पाहिले. शिकून इंग्लंड-कॅनडाला गेलेल्या आपल्या मुलामुलींची खोली नीटनेटकी असते एवढेच. परदेशातल्या खोलीत एकट्याने ईदची सकाळ काढणे त्यांनाही जडच जाते.

अशा वेळी मन खचते. खचलेल्या मनाबद्दल आपल्यात दोन गैरसमज आहेत. एक, ज्याचे मन खचते त्याचा ईमान कच्चा. दुसरा, मनाचा आजार म्हणजे वेड, आणि वेड म्हणजे घराण्याची बदनामी.

पहिल्या गैरसमजाचे उत्तर आपल्याच इतिहासात आहे. इसवी सन 622 मध्ये मक्का सोडून मदिनेला आलेले मुहाजिर यांच्याइतका पक्का ईमान कोणाचा असणार? तरीही हदीसच्या ग्रंथांत हजरत आयशांनी (रजि.) सांगितलेली हकीकत आहे. मदिनेची हवा न मानवल्यामुळे हजरत अबू बक्र (रजि.) आणि हजरत बिलाल (रजि.) तापाने पडले. ताप उतरला की बिलाल मक्केच्या दऱ्या, तेथले गवत, तेथले पाणी आणि डोंगर आठवून व्याकूळ होत. ज्या मक्केत त्यांना तापलेल्या वाळूवर निजवून छातीवर दगड ठेवले गेले, त्याच मक्केची ही आठवण होती! हे कळल्यावर पैगंबरांनी (स.) त्यांना दोष दिला नाही. मदिना आम्हाला मक्केइतकी, किंबहुना त्याहून प्रिय होवो, अशी दुआ केली. हजरत याकूब (अ.) तर पैगंबर होते. मुलगा यूसुफ परमुलखात गेल्यावर रडून रडून त्यांची दृष्टी गेली, असे कुरआनात आले आहे. तरीही सब्राचा दाखला म्हणून आपण त्यांचेच नाव घेतो. म्हणजे अश्रू आणि सब्र एकाच माणसात राहू शकतात.

दुसऱ्या गैरसमजाचे उत्तरही आपल्याच विद्वानांनी दिले आहे. 934 साली निधन पावलेल्या अबू झैद अल-बल्खी यांनी शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर एक ग्रंथ लिहिला. शरीर आजारी पडते तसे मनही पडते, असे त्यांनी सांगितले. कारण ठाऊक असलेले दुःख आणि कारण न कळता येणारी उदासी यांत त्यांनी फरक केला. त्यांची एक सूचना आजच्या विषयाला फार लागू पडते. अचानक दुखणे आले तर हाताशी असावे म्हणून आपण घरात औषध ठेवतो. तसेच मन बरे असतानाच, वाईट दिवसांत उपयोगी पडतील असे विचार साठवून ठेवावेत, असे ते म्हणतात. कैरो येथे 1284 साली सुलतान कलावून यांनी उभारलेल्या रुग्णालयात मनोरुग्णांसाठी स्वतंत्र विभाग होता. युरोपातही 1688 साली बाझेलच्या योहानेस होफर या वैद्यकीय विद्यार्थ्याने, घरापासून दूर राहणारे स्विस तरुण घराच्या ओढीने झुरतात, खातपीत नाहीत, आजारी पडतात, असे लिहून त्या दुखण्याला 'नॉस्टॅल्जिया' हे नाव दिले. घरची ओढ सर्व देशांत, सर्व धर्मांत आहे. तिची लाज वाटण्याचे कारण नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. परमुलखात काही माणसे तग धरतात आणि काही मोडतात, ते का? आपण म्हणतो, अमक्याची छाती लोखंडाची आहे. मला तसे वाटत नाही. तग धरणाऱ्याच्या भोवती कोणी ना कोणी काहीतरी व्यवस्था उभी केलेली असते.

मदिनेत काय झाले पाहा. पैगंबरांनी (स.) एकेका मुहाजिराची एकेका मदिनावासी अन्साराशी भावकी जोडून दिली. साद बिन रबी (रजि.) यांनी आपली निम्मी मालमत्ता अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती घेतली नाही. दुआ दिली आणि विचारले, बाजार कोठे आहे? मग तूप आणि पनीर यांचा व्यापार करून ते स्वतःच्या पायावर उभे राहिले. म्हणजे आलेल्या माणसाला एक हक्काचा भाऊ मिळाला, आणि बाजाराची वाटही मिळाली. मन सावरायला या दोन्ही गोष्टी लागतात.

आपल्या फौजी घरांत पाहा. साताऱ्याचा जवान बर्फात उभा राहतो, कारण त्याच्या बाजूला त्याच्या भाषेत बोलणारी पलटण असते. जाण्यापूर्वी त्याला शिक्षण मिळते, सुट्टीचे नियम असतात, घरच्यांना पेन्शनचा आधार असतो. मुंबईच्या गिरणगावात पाहा. एका गावची माणसे एका खोलीत राहत, पाळीपाळीने झोपत, पण आजाऱ्याला पेज करून देणारे आणि रडणाऱ्याच्या पाठीवर हात ठेवणारे गावचेच कोणी असे. खानावळ चालविणारी बाई एखादा न जेवता गेला तर विचारणा करी. अशाच खानावळवाल्या बायकांना संघटित करून प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केले. आज आखातात एकट्याने जाणाऱ्या मुलाजवळ यांतले काय असते? बहुधा एक बॅग, एजंटाचा फोन नंबर आणि आईची दुआ. दुआ तर हवीच. तिच्या जोडीला आपण आणखी काय देऊ शकतो, ते आता सांगतो.

पहिली गोष्ट शिक्षणाची. नववीतून शाळा सोडून पासपोर्टच्या मागे लागू नका. 1983 च्या कायद्याने आखाती देशांत कामाला जाणाऱ्या कमी शिकलेल्या माणसासाठी सरकारी परवानगीची अट घातली, ती त्याच्या रक्षणासाठी. अडाणी माणूस सर्वांत आधी फसतो, हे सरकारलाही ठाऊक होते. दहावी पूर्ण करा, आयटीआयचा एखादा ट्रेड घ्या, कामापुरते इंग्रजी आणि थोडी बोलीभाषेतली अरबी शिका. ज्याला करारपत्र वाचता येते आणि मुकादमाला उत्तर देता येते, त्याच्या मनावरचे निम्मे ओझे कमी होते.

दुसरी गोष्ट कर्जाची. भरती करणाऱ्या एजंटाला सरकारी नोंदणी सक्तीची आहे. ती तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. दागिने मोडून, शेत गहाण टाकून, सावकाराच्या व्याजाने मुलाला पाठवू नका. असा मुलगा काम वाईट असले, मालक मारकुटा असला, तरी परत येऊ शकत नाही. परतीची वाट बंद झाली, ही भावना माणसाला सर्वांत जास्त पोखरते.

तिसरी गोष्ट बोलण्याची, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पूर्वी पत्रे येत, टेपच्या कॅसेटी भरून पाठवल्या जात. आज व्हिडिओ कॉल आहे. पण साधन बदलले तरी मजकूर तोच राहिला. तिकडून "खैरियत", इकडून "खैरियत", आणि मग मागण्यांची यादी. फ्रिज, मोबाईल, लग्नाचा खर्च, वरच्या मजल्याचे बांधकाम. मुलाच्या तोंडाशी आलेले दुःख या यादीमुळे आत परत जाते. त्याला वाटते, मी खचलो असे सांगितले तर घर खचेल. मग तो खोटे हसू दाखवतो, आपणही खरे मानून फोन ठेवतो. आपले प्रेमच त्याचे तोंड बंद करते, हे कठोर वाटले तरी मला म्हटले पाहिजे.

म्हणून माझी विनंती आहे. आठवड्यातून एक फोन असा करा की ज्यात पैशाचा विषय निघणार नाही. त्या दिवशी विचारा, झोप लागते का? जेवलास काय, कोणाबरोबर? मन मोकळे करायला तेथे कोण आहे? आणि उत्तर आले की लगेच उपदेश करू नका. ऐका. घरातल्या गोष्टीही त्याच्यापासून दडवू नका. दादीचा आजार लपवला आणि पुढे एकदम इंतकालची बातमी दिली, तर त्यानंतर घरच्या कोणत्याच "खैरियत"वर त्याचा विश्वास बसत नाही.

चौथी गोष्ट, येथे मागे राहिलेल्यांची. नवरा दूर असताना घर, सासूसासरे, मुले, बँक आणि लोकांची बोलणी हे सर्व एकटी सांभाळणारी आपली बहीण हीसुद्धा अर्धी परदेशातच असते. तिला माहेरी जायला, शिकायला, चार मैत्रिणींत बसायला मोकळीक द्या. शाळेत एखादे मूल एकाएकी गप्प झाले किंवा मारामाऱ्या करू लागले, तर त्याला छडी दाखवण्याआधी आम्ही शिक्षकांनी त्याच्या घरची चौकशी केली पाहिजे. हे मी माझ्या व्यवसायबंधूंनाही सांगतो.

पाचवी गोष्ट, आजार ओळखण्याची. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप उडाली, भूक गेली, आवडीच्या गोष्टींत रस राहिला नाही, सारखी चिडचिड, नमाजलाही मन लागत नाही, फोन टाळतो, तर हा आळस किंवा गर्व नव्हे, आजाराची खूण आहे. आपल्याकडची माणसे 'उदास आहे' असे म्हणत नाहीत. छातीवर दाब आहे, डोके जड आहे, पोटात आग होते, असे म्हणतात. तपासणीत काही निघाले नाही तर मनाकडे पाहावे. "आता जगण्यात अर्थ नाही" असे कोणी बोलला तर ते थट्टेवारी नेऊ नका. तुझ्या मनात मरणाचा विचार येतो का, असे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही, उलट सांगायला जागा मिळते. त्या खोलीतल्या मित्राला फोन करून त्याला एकटे सोडू नका म्हणावे.

उपचार आता दूर राहिलेले नाहीत. 10 ऑक्टोबर 2022 पासून केंद्र सरकारने 'टेलि-मानस' ही दूरध्वनी सेवा सुरू केली आहे. 14416 या क्रमांकावर विनामूल्य, मराठीतही बोलता येते. मुलगा मस्कतला आणि बाप विट्याला असेल, तर बापाने हा फोन लावावा आणि मुलाशी कसे बोलावे ते विचारावे. तिकडे असलेल्याने भारतीय वकिलातीकडे मदत मागावी. अडचणीत सापडलेल्यांसाठी वकिलातींकडे 2009 पासून भारतीय समाज कल्याण निधी आहे. एक सावधगिरी मात्र बाळगा. झोपेच्या आणि मनाच्या काही औषधांवर आखाती देशांत कडक निर्बंध आहेत. डॉक्टरांची चिठ्ठी आणि तेथील परवानगी यांची खात्री केल्याशिवाय ती बॅगेत घालू नका, कोणाची म्हणून नेऊही नका. आणि 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने, जीव देण्याचा प्रयत्न करणाऱ्यास गुन्हेगार न समजता तो तीव्र ताणाखाली होता असे मानायचे ठरवले आहे. कायद्याने एवढे मन मोठे केले, तर समाजाने मागे राहू नये. ताईत-दुआ करणाऱ्यांशी माझा वाद नाही, पण डॉक्टरकडे जाणे त्यापायी थांबता कामा नये.

शेवटची गोष्ट परत येणाऱ्याची. मुदतीपूर्वी कोणी परत आला की मोहल्ल्यात पहिला प्रश्न येतो, "काय कमावून आणलंस?" हा प्रश्न आपण सोडून देऊ या. जिवंत आणि धड परत आलेला मुलगा हीच कमाई समजा. त्याच्या हातात कसब आहे, जगाचा अनुभव आहे. अब्दुर्रहमान बिन औफ यांच्याप्रमाणे त्याला बाजाराची वाट दाखवा, एवढे पुरे.

आणि एक लक्षात ठेवू या. आपल्या गावातही परमुलखातून आलेली माणसे आहेत. कैराना येथून आलेले खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले, मिरजेने त्यांना आपले मानले आणि 1937 साली त्यांचे दफनही मिरजेतच झाले. आज उत्तर प्रदेश, बिहारकडचा कोणी तरुण आपल्या पेठेत बेकरीत राबतो, फरशी बसवतो, सुतारकाम करतो. त्याचीही आई दूर कोठेतरी "खैरियत" ऐकून फोन ठेवत असेल. ईदच्या दिवशी त्याला घरी जेवायला बोलवा. आपल्या मुलाला दुबईत कोणी अन्सार भेटावा असे वाटत असेल, तर येथे आपण कोणाचे तरी अन्सार झाले पाहिजे.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी काहीजण जातील, काही राहतील. जाणाऱ्यांनी कसब, कागदपत्रे आणि खरे बोलण्याची सवय बरोबर न्यावी. तेथे पोचल्यावर पहिल्या महिन्यात एक मित्र असा जोडावा की ज्याच्याजवळ लाज न बाळगता रडता येईल. राहणाऱ्यांनी गेलेल्या मित्राला महिन्याकाठी एक फोन करावा, आणि त्यात काहीही मागू नये. एवढे झाले तरी आजचा मेळावा कारणी लागला असे मी समजेन.